मधमाशीची माधुकरी

माधुकरी हा मराठी भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. गरीब विद्यार्थी झोळी घेऊन चार-पाच घरी जाई, प्रत्येक घरून थोडे थोडे अन्न घेई, आणि कोणा एका गृहिणीवर भार न घालता आपला निर्वाह करी. मधुकर जसा फुलाला न दुखविता थोडासा रस घेतो तशी ही भिक्षा, म्हणून ती माधुकरी. ज्या समाजाने माशीच्या ह्या सौजन्याचा एवढा गौरव केला, त्याच समाजाने तिने घरी साठविलेला मध मात्र शतकानुशतके कसा मिळविला? पोळ्याखाली जाळ करून, माशा होरपळून आणि पिल्लांसकट पोळे पिळून. माशीची वृत्ती माधुकरीची आणि माणसाची दरोड्याची, असा हा एकतर्फी व्यवहार होता. तो पालटण्याचे साधन म्हणजे मधमाशांची पेटी होय. अशा वीस-पंचवीस पेट्या बाळगून मध आणि माशा विकणारे लहानसे मधुबन नेमके काय करते, त्याचा माल कसा पारखावा, आणि ते टिकणे न टिकणे कोणाच्या हाती आहे, हे नागपूरसारख्या शहरातील गृहस्थाने समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम हे ध्यानात ठेवले पाहिजे की, सर्वच मधमाशा पेटीत नांदत नाहीत. नागपुरात उंच इमारतींच्या सज्जांखाली, पाण्याच्या टाक्यांना आणि जुन्या वडा-पिंपळांना जी मोठमोठी काळसर पोळी लोंबताना दिसतात, ती आग्यामाशीची होत. तिचे पोळे एकच, तेही उघड्यावर. आणि ऋतुमानाप्रमाणे ती आपला मुक्काम हलविते. तिला चार भिंती मानवत नाहीत. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढे पोळे बांधणारी इवलीशी फुलोरी माशी, तीही उघड्यावरचीच. तिसरी सातेरी. ही मुळात अंधाराची आवड असलेली माशी. झाडाची ढोली, रिकामे वारूळ, पडक्या भिंतीतील पोकळी अशा जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. पेटीत राहणारी आपली देशी माशी ती हीच. चौथी मेलिफेरा ही परदेशची पाहुणी. पंजाब कृषी विद्यापीठाचे डॉ. ए. एस. अटवाल ह्यांच्या प्रयत्नाने 1962 ते 1964 ह्या काळात, त्या वेळच्या पंजाबातील व आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवान येथे ती आपल्या देशात प्रथम यशस्वीपणे स्थिरावली. सातेरीपेक्षा ती मध पुष्कळ अधिक देते. पण तिला चाराही तितकाच मुबलक लागतो. म्हणून तिचे मालक पेट्या मालमोटारीत घालून मोहरीच्या, सूर्यफुलाच्या बहारामागे प्रांतोप्रांती फिरत असतात.

पेटीचे रहस्य एका बोटभर अंतरात आहे. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी 1851 साली असे ताडले की, घरातील फट फार अरुंद असली तर माशा ती डिंकासारख्या राळेने बुजवून टाकतात, आणि फार रुंद असली तर तीत पोळे बांधतात. परंतु सुमारे तीन अष्टमांश इंचाची फट त्या जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. एवढेच अंतर चारी बाजूंनी राखून त्यांनी पेटीत लाकडी चौकटी टांगल्या. माशांनी चौकटीत पोळे बांधले, पण ते भिंतीला चिकटविले नाही. त्यामुळे कपाटातून पुस्तक काढावे तशी प्रत्येक चौकट बाहेर काढता येऊ लागली. पुढे 1857 साली जर्मनीत मेरिंग ह्यांनी षट्कोनांचे ठसे उठविलेला मेणाचा पत्रा तयार केला, आणि 1865 साली ह्रुश्का ह्यांनी चौकटी गरगर फिरवून मध बाहेर फेकणारे मधयंत्र काढले. ह्या तीन शोधांचा एकत्र परिणाम असा झाला की, पोळे न मोडता, पिल्लू न मारता मध काढावा आणि रिकामी चौकट माशांना परत द्यावी, हे शक्य झाले. थोडेसे मेण करण्यासाठी माशांना त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. तेव्हा पोळे परत मिळाले की त्यांचा केवळ जीवच नव्हे, तर श्रमही वाचतो.

हिंदुस्थानात 1911 च्या सुमारास दक्षिणेत न्यूटन नावाच्या पाद्र्यांनी सातेरीच्या लहान चणीला मानवेल अशी लहान पेटी तयार केली. परंतु हा उद्योग केवळ शेतीखात्याच्या कुतूहलाचा विषय न राहता गरिबाच्या मिळकतीचा व्हावा, हा विचार रुजविण्यात नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्याचा वाटा मोठा आहे. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी झाले. तेलघाणी, हातकागद, हातसडीचे तांदूळ ह्यांच्या जोडीला मधुमक्षिकापालनही तेथे ग्रामोद्योग म्हणून स्वीकारले गेले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा ह्यांनी जबलपूरच्या तुरुंगात ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तो 1945 साली निघाला. सृष्टीतील जीव आपला निर्वाह कसा करतात ह्यावरून त्यांनी तीत अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लाविल्या आहेत. दुसऱ्याला मारून खाणारा वाघ खालच्या पायरीवर, आणि सर्व वसाहतीसाठी साठविणारी मधमाशी पुष्कळ वरच्या पायरीवर. मध काढणारा माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे, हा प्रश्न त्यातून आपोआपच निघतो.

ज्या आग्यामाशीला पेटी नको, तिच्याही बाबतीत हा प्रश्न वर्ध्याने सोडला नाही. तिचा मध पोळ्याच्या वरच्या भागात, फांदीलगत एका बाजूस साठविलेला असतो. पिल्ले खाली असतात. अंगभर संरक्षक पोशाख घालून मधाचा तेवढाच भाग कापून घ्यावा, पिल्लांचे पोळे तसेच राहू द्यावे, म्हणजे माशा तो भाग पुन्हा भरून काढतात. ही रीत डॉ. गोपाळ पालीवाल ह्यांनी वर्ध्याच्या आपल्या केंद्रातून विदर्भातील वनवासी मधगोळ्या करणाऱ्यांना शिकविली. पश्चिम महाराष्ट्रात महाबळेश्वर हे ह्या उद्योगाचे जुने ठाणे; तेथील मध संचालनालयाचे काम 1946 पासूनचे आहे, आणि त्याच परिसरातील मांघर हे गाव 2022 साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पुण्यास 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

आता नागपूरकडील मधुबनाचे वर्ष पाहू. महाबळेश्वरची थंड हवा येथे नाही. पावसाळ्यात फुले असली तरी माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडली तर पराग भिजलेला. ह्या दिवसांत मधपाळ साखरेचा पाक देऊन वसाहत कशीबशी जगवितो. दसरा उलटला की तूर फुलते, मागाहून जवस आणि मोहरी. जानेवारी-फेब्रुवारीत काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याचा आंबिया बहार उमलतो आणि शिवारभर त्याचा सुवास दरवळतो. त्यानंतर जांभूळ, कडुनिंब आणि करंज. हाच सुगीचा काळ. एप्रिल सरला की फुलोरा ओसरतो, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढतो. पिल्लांच्या पोळ्याची उष्णता 34-35 अंशांवर राखणे माशांना भाग असते. त्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि दारात ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. आपल्या वाळ्याच्या पडद्याची युक्ती त्यांना आपल्या कितीतरी आधी ठाऊक होती. पण जवळ पाणी नसले, सावली नसली, तर एखाद्या दुपारी सारी वसाहत घर सोडून निघून जाते. म्हणून पेट्या दाट सावलीत ठेवणे, वर ओले गोणपाट टाकणे, पाण्याच्या पसरट भांड्यात खडे घालून माशांना बसायला जागा करणे, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे, ही मधपाळाची नित्याची कामे होत. वेडा राघू, गांधीलमाशी आणि पोळ्याचे जाळे करून टाकणारा मेणकिडा हे त्याचे नित्याचे शत्रू.

एवढ्या खटपटीतून हाती काय येते? कामगिरीच्या दिवसांत कामकरी माशीचे आयुष्य अवघे सहा आठवड्यांचे. त्यातले पहिले तीन आठवडे ती घर झाडते, पिल्ले भरविते, पोळे बांधते. राहिलेल्या दिवसांत ती फुलांवर जाते. बारा माशांची जन्माची कमाई एकत्र केली तर चहाचा एक चमचा भरतो. फुलातील रसात निम्म्याहून अधिक पाणी असते. माशा तो एकमेकींच्या तोंडी देत, आपला पाचकरस मिसळत आणि पंखांनी वारा घालीत आटवितात. पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या, म्हणजे शंभरात वीस भागांच्या, खाली उतरला की त्या घरट्याचे तोंड मेणाने बंद करतात. हे झाकण हीच मध पिकल्याची खूण. उतावीळ विक्रेता झाकण पडण्यापूर्वीच मध काढतो; असा कच्चा मध थोड्याच दिवसांत आंबतो. सातेरीची एक चांगली वसाहत वर्षाकाठी सरासरी पाच ते दहा किलो मध देते. म्हणजे वीस पेट्यांच्या धन्याजवळ सारे मिळून शंभर ते दोनशे किलो मध होणार. हा हिशेब गिऱ्हाइकाने मनाशी पक्का बांधावा. लहान मधुबनात बारा महिने, हवा तितका, एकाच रंगाचा आणि एकाच चवीचा मध असूच शकत नाही. “यंदाचा मध संपला” असे सांगणारा मधपाळ हा त्या धंद्यातील सचोटीचा माणूस समजावा.

मधाच्या पारखीविषयी घराघरांत काही समजुती आहेत. पाण्यात थेंब तळाशी बसला तर खरा, कागदातून झिरपला नाही तर खरा, काडी लावताच पेटला तर खरा, कुत्र्याने तोंड लावले नाही तर खरा. ह्यांतली एकही कसोटी भरवशाची नाही. साखरेचा दाट पाकही तळाशी बसतो. उलट, थंडीत मधाचे दाणे झाले की पुष्कळ गृहिणी तो साखरेचा म्हणून परत करतात, हा मधपाळावर अन्याय होय. मधातील द्राक्षशर्करेचे स्फटिक बनणे हा शुद्ध मधाचाही स्वभाव आहे. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. विस्तवावर मात्र तो तापवू नये. तेणेकरून त्याचा गंध व गुण दोन्ही जातात. आयुर्वेदानेही तापविलेला मध निषिद्धच मानला आहे. सुश्रुताने माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक इत्यादी मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. मध एकसारखा नसतो हे त्या काळच्या वैद्याला ठाऊक होते, आणि बाटलीला सवकलेल्या आजच्या गिऱ्हाइकाला ते पुन्हा शिकावे लागत आहे. 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने बाजारातील मधाच्या नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा बहुसंख्य नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळली. हा पाक नेहमीच्या परीक्षांना चुकवील अशा बेताने बनविलेला असतो. तेव्हा घरातील गिऱ्हाइकाची खरी परीक्षा बाटलीची नसून विकणाऱ्याची आहे. मध कोणत्या महिन्यात काढला, त्या वेळी भोवती काय फुलले होते, पेट्या किती व कोठे आहेत, त्या पाहू द्याल काय, एवढे चार प्रश्न पुरेत. आणखी एक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. मध कितीही शुद्ध असला तरी एक वर्षाच्या आतील मुलाला तो चाटवू नये. त्यातील सूक्ष्म जंतुबीजांपासून तान्ह्या मुलास क्वचित प्राणघातक विषबाधा होऊ शकते.

मधुबनाचा दुसरा माल म्हणजे माशा. वसाहत भरभराटली की ती फुटते. जुनी राणी निम्मे बिऱ्हाड घेऊन नवे घर शोधायला निघते. हा थवा उडून जाण्यापूर्वीच मधपाळ वसाहतीची वाटणी करतो. चार-पाच चौकटी, त्यांवरील माशा, पिल्ले, पराग आणि थोडा मध दुसऱ्या पेटीत ठेवतो. राणी नसलेल्या भागातील माशा तीन दिवसांच्या आतील एखादी अळी निवडून तिला सतत राजान्न भरवितात, आणि जी कामकरीण व्हायची ती राणी होते. जन्म एकच, अन्नाने पदवी पालटते. नवी राणी अंडी घालू लागली म्हणजे वसाहत विकण्याजोगी झाली. परंतु वाटणी केलेली पेटी त्या हंगामात मध कमी देते. म्हणजे मध आणि माशा हे एकाच दुभत्या गाईचे दूध व वासरू होत. दोन्हींचा लोभ एकदम धरता येत नाही. दोन्ही भरपूर विकायला काढणाऱ्याकडे सावधपणे पाहावे.

माशा घेणाऱ्याने काय पाहावे? चौकट उचलून उजेडात धरावी. घरट्यांच्या तळाशी उभी, बारीक, पांढरी अंडी दिसली म्हणजे राणी कामावर आहे. पिल्लांची झाकणे सलग असावीत. मध्ये मध्ये भगदाडे असली, मेणकिड्याचे जाळे असले, तर सौदा करू नये. पेटी रात्री, सर्व माशा घरी आल्यावर, दाराला जाळी लावून हलवावी. जुन्या जाणत्यांचा नियम असा की, पेटी तीन फुटांच्या आत तरी हलवावी किंवा तीन मैलांच्या पलीकडे तरी. मधल्या अंतरावर नेली तर माशा ओळखीच्या वाटेने जुन्या जागीच परत जातात. सर्वांत मुख्य म्हणजे, आधी फुले मोजावीत आणि मग माशा घ्याव्यात. ज्याच्या भोवती मैलभर सिमेंटच आहे, त्याने हौसेखातर पेटी नेणे म्हणजे गाय घेऊन तिला गच्चीवर बांधणे होय.

दूरदेशीची माशी स्वस्त मिळते म्हणून आणण्यातही धोका आहे. 1991-92 साली दक्षिण हिंदुस्थानात सातेरीच्या पिल्लांना थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुरोग लागला, आणि पाहता पाहता बहुसंख्य वसाहती रिकाम्या झाल्या; कित्येक खेड्यांतील धंदा एक-दोन वर्षांत बसला. म्हणून आपल्याच हवेत वाढलेली, आपला उन्हाळा सोसलेली वसाहत जवळच्या मधपाळाकडून घ्यावी, हेच शहाणपणाचे.

परंतु आजचा सर्वांत मोठा घात रोगाचा नाही, फवारणीचा आहे. मधपाळ आपली पेटी सांभाळू शकतो. माशा कोणत्या शेतात जातात ते त्याच्या हाती नसते. सातेरी मैलभराच्या टापूत फिरते, मेलिफेरा त्याहून दूर जाते. त्या टापूत कोणी भर फुलोऱ्यात, सकाळच्या प्रहरी कीटकनाशक फवारले, तर संध्याकाळी पेटीत परतणाऱ्यांची संख्या निम्मी होते, आणि ज्या परततात त्या विषाचा अंश पिल्लांपर्यंत पोचवितात. युरोपीय संघाने 2018 साली निओनिकोटिनॉइड जातीच्या तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली, ती प्रामुख्याने मधमाशांपायी. हे केवळ माशीचे दुःख आहे असे कोणी समजू नये. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. जे विष माणसाच्या हातून इतक्या निष्काळजीपणाने उडत होते, त्याच्या वाटेत बोटाच्या पेराएवढी माशी कशी तरावी?

आणि माशी गेली तर नुकसान एकट्या मधपाळाचे होत नाही. भोपळा, काकडी, दोडका ह्यांच्या वेलीवर नर-फूल वेगळे आणि मादी-फूल वेगळे असते; एकाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कोणी नसेल तर कोवळे फळ पिवळे पडून गळते. परसात वेल फुलांनी भरला पण एक दोडका धरला नाही, असा अनुभव ज्यांना असेल त्यांनी खताला दोष देण्यापूर्वी वेलीवर माशी येते का ते पाहावे. सूर्यफूल, मोहरी, कांद्याचे बियाणे ह्यांचेही उत्पन्न माशीवर पुष्कळ अवलंबून असते. मध हे तिच्या कामाचे वरकड फळ. तिची खरी मजुरी शेतकऱ्याच्या खळ्यात जाते आणि तिथून शहरातील स्वयंपाकघरात.

ह्यावर उपाय अवघड नाहीत. उभे पीक फुलावर असता फवारणी टाळावी. टळणारच नसेल तर सूर्यास्तानंतर, माशा घरी गेल्यावर करावी. आणि आदल्या दिवशी मधपाळाला निरोप द्यावा, म्हणजे तो पेट्या मिटून घेईल किंवा हलवील. शहरातील गृहस्थाचा वाटाही लहान नाही. इमारतीच्या सज्जाखाली आग्यामाशीचे पोळे दिसताच विषारी फवारा मारणाऱ्याला बोलावण्याची घाई करू नये. रहदारीच्या वाटेपासून ते दूर असेल तर हंगाम संपताच माशा आपण होऊन निघून जातात. त्यांना दगड, धूर, फटाके ह्यांनी डिवचू मात्र नये. अंगणात जांभूळ, करंज, शेवगा, निदान तुळस लावावी. उन्हाळ्यात गच्चीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवताना त्यात चार खडे टाकावेत. आणि मध घ्यायचा तर तो चार पैसे अधिक देऊन, पेट्या दाखविणाऱ्या माणसाकडून घ्यावा. कारण त्या चार पैशांतच त्याची पावसाळ्यातली साखर आणि पुढच्या वर्षीच्या माशा आहेत.

पेटीने माणसाचा दरोडा थांबविला, ही मोठीच सुधारणा झाली. पण माशी आजही पूर्वीसारखीच दारोदार, फुलोफूल हिंडते आहे. कोणाच्या शेतात काय मिसळले आहे, हे तिला कळत नाही. माधुकरीला आलेल्या विद्यार्थ्याला एखाद्या घरी काही मिळाले नाही तर तो मुकाट्याने पुढच्या दारी जाई, आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नसे. त्याच्या झोळीत विष घालणारे घर मात्र आपल्या गावात कधी नव्हते. ते आज असू नये, एवढेच मधमाशीचे मागणे आहे.